स. का. पाटील आणि दात्यांचे राजकारण

(भाईंदर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान)

आजच्या अभ्यासवर्गासाठी मी जो विषय निवडला आहे तो आपल्या विचारपरंपरेतील एखाद्या थोर नेत्याचा नाही. समाजवादाला आयुष्यभर विरोध करणाऱ्या आणि तो विरोध कधीही न लपवणाऱ्या एका पुढाऱ्याची कारकीर्द मला आपल्यापुढे मांडायची आहे. सदाशिव कानोजी पाटील हे त्यांचे नाव. तरुण कार्यकर्त्यांना ते ठाऊक असेल ते बहुधा चर्नी रोडच्या उद्यानामुळे, मालाडच्या महापालिका रुग्णालयामुळे किंवा मालवणच्या महाविद्यालयामुळे. परंतु एके काळी मुंबईत पाटलांच्या संमतीवाचून पान हलत नाही, असे लोक म्हणत. ‘मुंबईचे अनभिषिक्त सम्राट’ हे बिरुद वृत्तपत्रांनी त्यांना दिले होते, आणि ते त्यांना शोभतही होते.

प्रतिपक्षाच्या पुढाऱ्याला दोन विशेषणे लावून मोकळे होण्याची सवय आपल्या चळवळीला फार जुनी आहे. ‘भांडवलदारांचा हस्तक’ म्हटले की अभ्यास संपला, असे आपल्याला वाटते. पण हस्तक म्हणवला जाणारा हा माणूस कामगारवस्तीतूनही मते कशी मिळवतो, पंधरा वर्षे लोकसभेत निवडून कसा येतो, आणि अखेरीस कशामुळे पडतो, या प्रश्नांची उत्तरे विशेषणात सापडत नाहीत. ती शोधल्याशिवाय मिरा-भाईंदरमध्ये आज आपल्यापुढे काय काम आहे हेही नीट कळणार नाही, असे माझे मत आहे.

प्रथम त्यांच्याविषयी न्यायाने बोलू. पाटील कोकणातले, सावंतवाडीच्या मुलखातले. असहकाराच्या चळवळीत त्यांनी शिक्षण सोडले, पुढे पत्रकारिता केली, स्वातंत्र्यलढ्यात अनेकदा तुरुंगवास भोगला. ते आयते सत्तेवर आलेले नव्हते. मुंबई प्रदेश काँग्रेसची संघटना त्यांनी वर्षानुवर्षे खपून बांधली, वॉर्डावॉर्डात माणसे पेरली आणि त्या माणसांची नावे, घरे, अडचणी लक्षात ठेवल्या. १९४९ पासून सलग तीन वेळा ते मुंबईचे महापौर झाले. १९५२, १९५७ आणि १९६२ अशा तिन्ही निवडणुकांत दक्षिण मुंबईने त्यांना लोकसभेत पाठवले. १९५७ पासून केंद्रीय मंत्रिमंडळात पाटबंधारे व वीज, वाहतूक व दळणवळण, अन्न व शेती, आणि १९६४ नंतर रेल्वे अशी खाती त्यांच्याकडे आली. मधल्या काळात, १९६३ साली, कामराज योजनेखाली मोरारजी देसाई, लालबहादूर शास्त्री, जगजीवनराम यांच्याबरोबर त्यांनाही मंत्रिपद सोडावे लागले होते. पण मंत्रिपद गेले तरी त्यांची सत्ता गेली नाही, कारण तिचे मूळ दिल्लीत नव्हतेच. ते मुंबईच्या व्यापारपेठेत आणि मुंबईच्या वॉर्डात होते. पेठेकडून पक्षासाठी निधी यायचा आणि वॉर्डाकडून मते यायची. या दोहोंच्या मध्ये पाटील बसले होते.

या मध्यस्थानालाच मी दात्याचे राजकारण म्हणतो. त्याचे तर्कशास्त्र सरळ आहे. वर ज्यांच्या हाती संपत्ती आहे त्यांच्या व्यवस्थेला धक्का लावायचा नाही. खाली ज्यांना गरज आहे त्यांची गरज थोडीथोडी भागवत राहायचे. नळ, नोकरी, परवाना, रुग्णालयातील खाट, शाळेतील प्रवेश यांपैकी प्रत्येक गोष्ट द्यायची, पण कोणाच्या तरी शब्दाने द्यायची. नियमाने मिळाली तर ती हक्काची होते आणि माणूस दात्याला विसरतो. शब्दाने मिळाली तर तो ऋणी राहतो, आणि ऋण मतदानाच्या दिवशी वसूल होते. स्थितिवादाचा तात्त्विक ग्रंथ भारतात कोणी फारसा वाचला नाही. त्याचा खरा ग्रंथ म्हणजे हा हिशेब होय.

मंत्री म्हणून पाटलांनी जे केले त्यातही मला हाच हिशेब दिसतो. १९५९ च्या जानेवारीत काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनाने सहकारी संयुक्त शेतीचा ठराव केला होता, आणि धान्याचा घाऊक व्यापार सरकारने हाती घ्यावा अशी चर्चा चालू होती. दरवाढ आणि टंचाई यांत सापडलेले अन्नमंत्री अजितप्रसाद जैन त्या वर्षी पदावरून गेले आणि ते खाते पाटलांकडे आले. पाटलांचा धान्याच्या सरकारी व्यापारावर विश्वास नव्हता, संयुक्त शेतीवर तर नव्हताच. मग टंचाईवर उपाय कोणता? तो त्यांनी अमेरिकेत शोधला. ४ मे १९६० रोजी वॉशिंग्टनमध्ये अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्याबरोबर त्यांनी पी. एल. ४८० कायद्याखालील करारावर सही केली. चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ भारताला मिळायचा होता, आणि त्याची किंमत रुपयांत द्यायची होती. त्या कायद्याखालील तोपर्यंतचा एवढा मोठा करार दुसरा नव्हता.

त्या गव्हाने शहरातील गरिबाच्या पोटात भाकरी गेली, हे नाकारण्यात अर्थ नाही. उपाशी माणसाला तत्त्वज्ञान नको असते, धान्य हवे असते. रेशनच्या दुकानात मिळणाऱ्या त्या गव्हाच्या आणि पुढे लाल मिलोच्या आठवणी ज्या घरांत आहेत, त्या घरांना मी उपदेश करणार नाही. पण मंत्र्याला प्रश्न विचारायलाच हवा. बंदरात गलबते भरून येत आहेत, दर तात्पुरते आटोक्यात आहेत, शहर शांत आहे. मग जमिनीच्या फेरवाटपाची, पाण्याची, शेतकऱ्याला हमीभाव देण्याची घाई कोणाला वाटणार? आयात गव्हाने भूक भागवली आणि त्याच वेळी भुकेच्या कारणांना हात लावण्याचे काम पुढे ढकलले. धान्य खरेदी करणारे अन्न महामंडळ आणि भाव ठरवण्यास साहाय्य करणारा कृषिमूल्य आयोग या दोन्ही संस्था १९६५ साली, म्हणजे पाटील त्या खात्यातून गेल्यानंतर, सी. सुब्रमण्यम यांच्या काळात उभ्या राहिल्या.

आणि दात्याच्या दानाचा दुसरा चेहराही त्याच वर्षी देशाला दिसला. १९६५ साली अध्यक्ष जॉन्सन यांनी दीर्घ मुदतीचे करार थांबवले आणि गहू थोड्या थोड्या मुदतीने, महिन्यामहिन्याच्या हिशेबाने सोडायला सुरुवात केली. देशात दुष्काळ, सीमेवर युद्ध, आणि पुढचे जहाज निघणार की नाही हे वॉशिंग्टनमधील एका माणसाच्या मनावर! जे दिले जाते ते काढूनही घेता येते, हा धडा साऱ्या राष्ट्राला तेव्हा मिळाला. मुंबईच्या चाळीतील माणसाला तो आधीपासूनच माहीत होता. ज्याच्या शब्दाने नळ येतो त्याच्या शब्दाने तो तोडलाही जातो.

आता संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नाकडे वळू. मराठी माणसाच्या मनात पाटलांचे नाव कडवट झाले ते येथेच. राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल १९५५ साली आला. त्यानंतर नोव्हेंबरमध्ये काँग्रेस कार्यकारिणीने त्रिराज्य योजना पुढे केली: महाराष्ट्र वेगळा, गुजरात वेगळा आणि मुंबई शहराचे स्वतंत्र राज्य. मुंबई महाराष्ट्राला देऊ नये या बाजूने पाटील आणि मोरारजी देसाई ठामपणे उभे राहिले. २० नोव्हेंबरला चौपाटीवरील त्यांची सभा लोकांनी उधळली आणि दुसऱ्याच दिवशी फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला. पुढे १६ जानेवारी १९५६ रोजी पंतप्रधान नेहरूंनी मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा केली आणि शहर पुन्हा रक्तात न्हाले. १ मे १९६० उजाडेपर्यंत शंभराहून अधिक माणसांनी प्राण दिले होते.

लक्षात घ्या, पाटील स्वतः मराठी होते. मायबोलीचा त्यांना राग नव्हता. मग ते विरुद्ध बाजूला का गेले? मुंबई ज्यांच्या भांडवलावर चालते त्यांचा तिच्यावर पहिला अधिकार आहे, असे त्यांना मनापासून वाटत होते, आणि ज्यांच्या श्रमावर चालते त्यांचा अधिकार त्यांनी दुसऱ्या पायरीवर ठेवला होता. मराठी मुलखाला जोडलेल्या मुंबईत गिरणगावाची संख्या बोलेल, आणि शहराच्या वेगळ्या राज्यात पेठेची थैली बोलेल, हा भेद त्यांना आपल्या अनेक पंडितांपेक्षा चांगला कळला होता. आपल्या लोकांनाही तो कळला होता. म्हणूनच संयुक्त महाराष्ट्र समितीचे सरचिटणीस असलेले एस. एम. जोशी हा लढा भाषेच्या अभिमानाबरोबरच लोकशाहीचा आणि श्रमिकांचा लढा म्हणून लढले.

आपण ज्या गावात बसलो आहोत त्याचाही या प्रश्नाशी संबंध आहे. बृहन्मुंबईची हद्द १९५७ साली दहिसरपर्यंत वाढली. मिरा आणि भाईंदर तिच्या पलीकडे, ठाणे जिल्ह्यात राहिले. मुंबईचे वेगळे राज्य टिकले असते तर ज्या चेकनाक्यावर आज दोन महापालिकांची हद्द आहे, तेथे दोन राज्यांची हद्द येण्याचा संभव होता. रोज सकाळी भाईंदरहून लोकलने कामाला जाणारा माणूस परराज्यातला मजूर ठरला असता. ते टळले. हे आपल्याला कोणा मंत्र्याने दिले नाही, ते लोकांनी घेतले.

याच मिरा रोडने २०२५ च्या जुलै महिन्यात भाषेच्या प्रश्नावरून व्यापाऱ्यांचाही मोर्चा पाहिला आणि मराठी माणसांचाही. मराठी हा या राज्याच्या कारभाराचा, शाळेचा आणि न्यायालयाचा हक्काचा प्रश्न आहे, याविषयी आपल्या मनात संदेह असू नये. पण त्या निमित्ताने शेजाऱ्याला शेजाऱ्याविरुद्ध उभे करणाऱ्यांना पाटलांची गोष्ट सांगा. मुंबई महाराष्ट्राला नाकारणारा पुढारी कोकणात जन्मला होता आणि त्याला पाडणारा मंगळूरला. माणूस कोणत्या घरात जन्मला यापेक्षा तो कोणाच्या बाजूला उभा आहे, हे पाहायला त्या काळचा मतदार शिकला होता.

तो पाडणारा म्हणजे जॉर्ज फर्नांडिस. १९६७ ची ती निवडणूक आपल्या चळवळीत दंतकथेसारखी सांगितली जाते, आणि दंतकथेचा धोका असा की त्यातली मेहनत विसरली जाते. पाटील तेव्हा रेल्वेमंत्री होते, ‘सिंडिकेट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मातब्बर मंडळींपैकी एक होते, पंतप्रधान कोण व्हावे हे ठरवणाऱ्यांत त्यांचा शब्द चालत होता. समोर संयुक्त समाजवादी पक्षाचा छत्तीस वर्षांचा नगरसेवक होता. पण तो नगरसेवक त्या फेब्रुवारीत आकाशातून उतरला नव्हता. पी. डिमेलो यांच्या तालमीत तयार होऊन त्याने सफाई कामगार, टॅक्सीचालक, उपाहारगृहांतली पोरे यांच्या संघटना उभारण्यात दीड दशक घालवले होते. रात्री फुटपाथवर झोपलेल्या माणसाला उठवून त्याने सभासद केले होते. १९६१ पासून महापालिकेच्या सभागृहात तो त्यांचेच प्रश्न मांडत होता. आणि प्रचारात त्याने मतदाराला काय सांगितले? ‘मी तुम्हाला अमुक देईन’ असे नव्हे. तुम्ही पाटलांना पाडू शकता, एवढेच.

या एका वाक्याने पंधरा वर्षांचा हिशेब उलटा झाला. दात्याची सारी सत्ता घेणाऱ्याच्या एका समजुतीवर उभी असते: आपण काही करू शकत नाही, ही ती समजूत. ती गेली की थैली, मंत्रिपद, वॉर्डातले मुकादम सारे जागच्या जागी राहूनही निकामी होतात. १९६७ साली दक्षिण मुंबईत तसेच घडले. पाटील पडले. १९६९ साली ते गुजरातेतील बनासकांठ्याच्या पोटनिवडणुकीतून लोकसभेत परतले खरे, पण त्याच वर्षी काँग्रेस फुटली, ते संघटना काँग्रेसबरोबर राहिले आणि त्यांचा काळ ओसरला. १९८१ साली त्यांचे निधन झाले.

येथे थांबलो तर आपण टाळ्या वाजवून घरी जाऊ. पण मला आज जे सांगायचे आहे ते यापुढचे आहे. १९७१ साली त्याच दक्षिण मुंबईत जॉर्ज पराभूत झाले. इंदिरा गांधींची लाट होती, हे खरे. पण ज्या मतदारसंघाने चार वर्षांपूर्वी सम्राट उलथवला होता तेथे आपल्या पक्षाची रोजची, वॉर्डातली, दारातली संघटना किती उरली होती? कामगार कारखान्याच्या फाटकात युनियनचा सभासद होता. पण चाळीत परतल्यावर पाण्यासाठी, दाखल्यासाठी, अंत्ययात्रेच्या गाडीसाठी तो कोणाकडे जात होता? पाटील पडले, पण त्यांची खुर्ची तशीच राहिली होती. १९६६ साली स्थापन झालेल्या शिवसेनेने ती ओळखली. १९६८ च्या महापालिका निवडणुकीत १४० पैकी ४२ जागा तिने जिंकल्या, आणि प्रजासमाजवादी पक्षाने त्या निवडणुकीत तिच्याशीच युती केली होती. वॉर्डातील काँग्रेस कचेरीची जागा शाखेने घेतली. झेंडा बदलला, भाषा बदलली, दाता आणि याचक हे नाते बदलले नाही.

आणखी एक कडू गोष्ट. ज्यांनी पाटलांना पाडले ते जॉर्ज पुढे १९९८ ते २००४ या काळात भारतीय जनता पक्षाच्या नेतृत्वाखालील सरकारात संरक्षणमंत्री होते. हे मी कोणाचा उणेपणा काढण्यासाठी सांगत नाही. १९७४ चा रेल्वे संप आणि आणीबाणीतील तुरुंगवास त्यांच्या नावावर कायम राहील. पण जनतेची संघटना मागे सुटते आणि नेता एकटा पुढे जातो, तेव्हा तो कोठे पोचेल याची हमी त्याचा भूतकाळ देऊ शकत नाही. नेत्याला आपल्या बाजूला धरून ठेवते ती संघटनाच.

मित्रहो, आता आपल्या शहराकडे पाहा. १९९१ च्या जनगणनेत येथे सुमारे १ लाख ७५ हजार माणसे होती. २०११ मध्ये ८ लाख ९ हजार झाली. १९८५ साली नगरपालिका आली आणि २००२ साली महापालिका. गिरगाव-परळमध्ये घर परवडेना म्हणून आलेले मराठी, पोटासाठी आलेले उत्तर भारतीय, राजस्थानी, गुजराती, मुंबईतील दंगलींनंतर घर सोडून आलेले मुसलमान, उत्तनचे कोळी आणि मूळचे आगरी, असे हे गाव. ठाणे जिल्ह्यातील धरणांचे पाणी मोठमोठ्या वाहिन्यांनी मुंबईला जाते, आणि त्याच जिल्ह्यातल्या या शहराच्या अनेक सोसायट्यांत टँकरची वाट पाहिली जाते. दात्याच्या राजकारणाला याहून सुपीक जमीन कोणती? टँकर कोणाचा, फोन कोणाला करायचा, नळजोडणीचा कागद कोणी हलवला, यावरच येथे अनेकांची मते ठरतात. त्यातच २०२२ च्या ऑगस्टमध्ये महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ शहराचा कारभार प्रशासकाने पाहिला. म्हणजे विचारायला निवडून दिलेला माणूसही नव्हता. अशा पोकळीत दाता मोठा होतो, कारण नियमाने काम होण्याचा मार्गच बंद असतो.

आपण काय करायचे? आपणही एक टँकर आणायचा, आपणही दाखले काढून द्यायचे, अशी सूचना अनेकदा होते. मदत जरूर करावी. अडलेल्याला तत्त्व सांगून परत पाठवणारा कार्यकर्ता लोकांना नको असतो. पण मदत करतानाची रीत वेगळी हवी. ज्या बाईचा दाखला अडला आहे तिला बरोबर घेऊन कचेरीत जा, अर्ज तिच्या हाताने द्या, पोच तिच्याजवळ ठेवा, आणि तशाच अडलेल्या दहा बायकांची पुढच्या आठवड्यात बैठक लावा. इमारतीचे पाणी कमी येत असेल तर वॉर्डाला किती पाणी सुटते आणि कोणत्या भागाला किती मिळते, याचा हिशेब माहितीच्या अधिकारात मागा आणि तो सोसायटीच्या फलकावर लावा. पहिल्या महिन्यात यातून टँकर येणार नाही. पाटलांची रीत जलद आहे आणि आपली सावकाश, ही गोष्ट लोकांपासून लपवू नका. पण आकड्यांचा कागद हातात घेतलेल्या दोनशे माणसांना कोणाच्या शब्दावर अवलंबून राहावे लागत नाही, आणि त्यांना मिळालेले पाणी निवडणुकीनंतर कोणी सहज तोडू शकत नाही.

पाटलांकडून आपण एक गोष्ट निःसंकोच शिकावी: त्यांचे कष्ट. वॉर्डातल्या माणसाचे नाव त्यांना ठाऊक असे. आपल्या कार्यकर्त्याला आपल्या गल्लीतल्या किती जणांची नावे ठाऊक आहेत? त्यांनी ती ओळख माणसाला ऋणी करण्यासाठी वापरली. आपण ती त्याला उभे करण्यासाठी वापरू. पुढच्या वर्गाला येताना प्रत्येकाने आपल्या इमारतीतील वा वस्तीतील पाण्याची नोंद आणि किमान दहा घरांची नावे घेऊन यावे, अशी माझी विनंती आहे. त्या वह्यांवरूनच आपण पुढची चर्चा करू.